नऊ बसमध्ये सहा हातोड्या

मी हातोडी बोलतेय. सुताराची नव्हे आणि लोहाराचीही नव्हे. बसच्या खिडकीशेजारी एक लाल, वीतभर लांबीची, टोकदार नाकाची चिमुकली हातोडी अडकवलेली असते ना, ती मी. तुमची नजर माझ्यावरून शंभरदा गेली असेल, पण थांबली नसेल. त्यात तुमची चूक नाही. खिडकीशी बसलेला माणूस बाहेर बघतो, चौकटीकडे कोण बघतं?

माझं काम एकच. दार उघडेनासं झालं, आत धूर भरला किंवा पाणी शिरलं, की काचेच्या कोपऱ्यात माझं टोक मारायचं. मधोमध नाही, कोपऱ्यात. मग काच खडीसाखरेसारखी चुरा होऊन खाली येते आणि माणसं बाहेर पडतात. असं मी ऐकलंय.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. साच्यातून आम्ही एका वेळी चाळीसजणी बाहेर पडायचो. तिथे एक चष्मेवाली बाई होती. ती दर शंभरातली एक उचलायची आणि तिच्यानं खरोखरची काच फोडून बघायची. त्या दिवशी शंभरावी नेमकी माझ्या शेजारची निघाली. तिनं एका ठोक्यात काच फोडली आणि नंतर ती भंगाराच्या पेटीत गेली. मला तेव्हा तिची कीव आली होती. आता हेवा वाटतो.

मला एका मोठ्या निळ्या बसमध्ये बसवलं. उजवीकडे तिघी, डावीकडे तिघी. दर शनिवारी सफाईवाली मावशी यायची, आम्हाला एकेकीला बोट लावायची आणि कागदावर खूण करायची. बारा वर्षं गेली, पण कोणावर आम्हाला ओढून काढायची वेळ आली नाही. आमच्या जातीचं नशीब असं उलटं आहे. जिला कधी वापरावं लागलं नाही ती सुखी. पण तिनं जागेवर असायला हवं. जागेवर असणं हीच तिची नोकरी.

मग तिथल्या कायद्यानं बस म्हातारी ठरली. तिला तिथल्या रस्त्यावर चालायची परवानगी राहिली नाही, म्हणून ती जहाजात चढली आणि इकडे आली. जे एका देशाच्या रस्त्याला चालत नाही ते दुसऱ्या देशाच्या रस्त्याला कसं चालतं, हे मला अजून कळलेलं नाही. बंदरावर उतरली तेव्हा कागदावर ती आठच वर्षांची झाली होती. वय लपवतात म्हणून लोक बायकांची थट्टा करतात. इथे बसचं वय पुरुषांनी लपवलं आणि कोणी हसलंसुद्धा नाही.

पण खरी अडचण वेगळीच होती. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, इकडे डाव्या. म्हणजे बसचं दार चुकीच्या अंगाला. गॅरेजमध्ये मिस्त्रीनं स्टिअरिंग या बाजूचं त्या बाजूला नेलं, डावीकडे पत्रा कापून नवं दार केलं आणि उजवीकडचं जुनं दार वेल्डिंग मारून कायमचं बंद केलं. त्या जागेवर दोन सीट टाकल्या. सरकारी खात्यानं बस पास केली, पण एका अटीवर. उजवीकडे दार उरलं नाही, तेव्हा खिडक्या हीच बाहेर पडायची वाट, आणि प्रत्येक बसमध्ये काच फोडायच्या सहा हातोड्या हव्यातच.

म्हणजे बघा, बुजवलेल्या त्या दाराच्या जागी सरकारनं आम्हाला नेमलं होतं. मला केवढा अभिमान वाटला होता!

कंपनीच्या अशा नऊ बस होत्या. सगळ्या बाहेरून आलेल्या, सगळ्यांचं एक दार बुजवलेलं. पहिल्या वर्षातच आमच्या बहिणी नाहीशा व्हायला लागल्या. कोणी अक्रोड फोडायला नेली, कोणी भिंतीत खिळा मारायला, कोणी नुसतीच लाल दिसते म्हणून. शेवटी नऊ बसमध्ये मिळून आम्ही सहाजणी उरलो.

कंपनीच्या मालकाला सगळे शेठ म्हणायचे. शेठनी फर्मान काढलं, "या सहा तरी सांभाळा. स्टोअरमध्ये ठेवा. पासिंगच्या दिवशी गाडीला लावायच्या, पास झाली की काढून घ्यायच्या. नव्या मागवू पुढच्या खेपेला."

अशी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहायला आले.

स्टोअर सांभाळायला एक तरुण बाई होती. सगळे तिला ताई म्हणायचे. तिचा नवरा परगावी कामाला होता. तीन वर्षांची लेक बरोबरच असायची, तिला ताई चिमणी म्हणायची. फाटक्या सीटकव्हरांच्या ढिगावर चिमणी झोपायची, ब्रेकच्या रिकाम्या खोक्यांची घरं करायची आणि दिवसभर खोकायची, कारण स्टोअरच्या दारासमोरच गाड्या चालू करून ठेवायचे. ताई सारखी उठून तिचं कपाळ बघायची. हिशेब लिहिता लिहिता उठायची, नट मोजता मोजता उठायची.

"अगं, किती हात लावशील? ताप नसला तरी यायचा तिला," चार नंबरचा ड्रायव्हर दारातून ओरडायचा.

त्याला सगळे मामा म्हणायचे. केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं, आवाज असा की हॉर्नची गरज पडू नये. रोज गाडी काढायच्या आधी तो स्टोअरमध्ये यायचा, चिमणीला डोक्याइतकं उंच उचलायचा आणि आमच्या डब्यावर बोटांनी टकटक करायचा.

"ताई, यातल्या दोन तरी मला दे की. गाडी कलंडली एका अंगावर, तर मी काय दातांनी काच फोडू?"

"शेठना विचारा ना, मामा."

"शेठना विचारलं. शेठ म्हणाले ताईला विचार."

"मग मी म्हणते शेठना विचारा."

"झालं! तुम्ही दोघं मला असाच फिरवा. माझं डिझेल कंपनी देते का?" म्हणत तो हसत निघून जायचा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. हसत विचारायचा म्हणून कोणी ते मनावर घेतलं नाही.

वर्षातून नऊ वेळा आमची वरात निघायची. ताई डब्यातून आम्हाला काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची, त्या दिवशीच्या बसला लावायची. मग खात्याचे साहेब यायचे. गुडघे दुखायचे त्यांचे, पायऱ्या चढताना दांडा धरून आधी मोठा श्वास घ्यायचे. त्यांच्या कचेरीत दोन माणसांची जागा होती आणि काम करायला हे एकटेच. दिवसात तीस गाड्या बघायच्या. ते ब्रेक बघायचे, टायर बघायचे, मग आमच्याकडे बोट करत मोजायचे, "एक, दोन, तीन... सहा." कागदावर खूण व्हायची. साहेबांची पाठ वळली की ताई आम्हाला परत डब्यात टाकायची.

साहेब काही आंधळे नव्हते. एकदा त्यांनी मला हातात घेतलं. माझ्या मुठीवर एक तडा आहे, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हिची-माझी आधी कुठेतरी भेट झालीय."

"एकाच साच्यातल्या त्या, साहेब. जुळ्या बहिणी," शेठ म्हणाले.

साहेब हसले. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या मुठीखाली एक बारीक फुली ओरखडली. दोन महिन्यांनी दुसऱ्या बसमध्ये त्यांना ती फुली दिसली. त्या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी वर कळवलं. वरून कंपनीला पत्र आलं, पंधरा दिवसांत खुलासा करा.

ताईचं अक्षर मोत्यासारखं. शेठनी तिलाच बसवलं. "लिही, सर्व बसमध्ये हातोड्या नियमाप्रमाणे आहेत. धुण्यासाठी एकत्र काढल्या असताना अदलाबदल झाली असावी. खाली तुझी सही कर, स्टोअर तुझ्याकडे आहे ना."

ताईचं पेन थांबलं. "शेठ, पण हे..."

"अगं, नुसता कागद आहे. आपण मागवणारच आहोत नव्या. तुला काय वाटतं, मला माणसं मारायचीत?"

तिनं सही केली. खुलासा समाधानकारक आहे, असं उत्तर आलं. साहेबांनी पुढच्या वेळी मला मोजलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

त्या हिवाळ्यात चिमणीचा खोकला फारच वाढला. डॉक्टर म्हणाले, हिला त्या धुरात ठेवू नका. ताईची आई तीन तासांवरच्या गावात राहायची, ती न्यायला आली. शनिवारची मामाची गाडी ठरली.

सकाळी ताईनं चिमणीचे कपडे भरले, औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, लोकरीची टोपी दोनदा काढून दोनदा घातली. मग तिनं बिस्किटांचा डबा उघडला. आणि मला उचलून पदराखाली धरून बाहेर गेली.

"मामा, ही चिमणीच्या खिडकीपाशी लावा. आणि परत आणा हं. सोमवारी सात नंबरचं पासिंग आहे, सहा भरायला हव्यात."

मामानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "एकच?"

"एकच."

"बरं. गाडीत आणखी चाळीस जणं आहेत. त्यांच्या आयांना मात्र सांगू नकोस."

हे तो हसूनच म्हणाला. पण ताई हसली नाही. ती मान खाली घालून चिमणीच्या टोपीचे बंद बांधत राहिली.

त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मी चालत्या बसमध्ये होते. खिडकीबाहेर झाडं पळत होती, काच माझ्या कानाशी थरथरत होती. चिमणी सीटवर उभी राहून मला हात लावायला बघायची आणि आजी तिला खाली ओढायची. "हिला नाही लावायचा हात. तुझ्या आईनं सांगितलंय." तीन तास मी माझी नोकरी केली. डब्यात आल्यापासूनच्या आयुष्यातले तेच तीन तास.

चिमणी सुखरूप उतरली. रविवारी मामानं मला स्टोअरमध्ये आणून दिलं. "ही घे तुझी ठेव. पोर पोचली, वाटेत दोन केळी खाल्ली, एकदा ओकली. सगळं व्यवस्थित."

सोमवारी आम्ही सहाजणींनी सात नंबरची बस पास करून दिली आणि डब्यात जाऊन पडलो.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. पुढचं सगळं मी डब्याच्या आतून ऐकलं.

मामाची बस वळणावर समोरून आलेल्या ट्रकला चुकवताना खड्ड्यात गेली आणि डाव्या कुशीवर पडली. डावीकडेच तर दार, ते जमिनीखाली दबलं. पुढचा भाग पुलाच्या कठड्यात रुतला. उजवीकडचं जुनं दार आता नेमकं डोक्यावर होतं, आभाळाकडे तोंड करून, पण त्याला वेल्डिंग होतं. मागे इंजिनातून धूर यायला लागला. मामानं बुटांनी काचा लाथाडल्या, कोणी जेवणाच्या डब्यांनी ठोकल्या, कोणी कोपरांनी. शेवटी आग विझवायच्या लाल सिलिंडरनं मामानं एक काच फोडली. त्यातला गॅस केव्हाच संपलेला होता, पण निदान तो जड तरी होता. त्या एकाच खिडकीतून एकतीस माणसं बाहेर निघाली. मामा खाली उभा राहून एकेकाला खांद्यावर घेऊन वर ढकलत होता. मागच्या सीटवर एक कॉलेजात जाणारी मुलगी अडकली होती, तिला आणायला तो धुरात गेला. दोघंही परत आली नाहीत.

ताईनं फोन ठेवला आणि सगळ्यांत आधी आईला लावला. "चिमणी घरात आहे ना? तुझ्यासमोर आहे ना? तिला बोलायला लाव." पलीकडून चिमणीचा आवाज आला असावा, कारण ताईनं "जेवलीस का?" एवढंच विचारलं. मग तिनं बिस्किटांचा डबा मांडीवर घेतला, उघडला आणि आम्हाला मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. सहाच होतो आम्ही, पाच झालो असतो तर तिला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी मामाची बायको मामाच्या कपाटातलं सामान घ्यायला आली. एक स्वेटर, दाढीचं सामान, चिमणीसाठी आणून ठेवलेली एक शिट्टी. ती ताईला म्हणाली, "लोक म्हणतात, हे घाबरले आणि काच फोडायला उशीर केला. खरं का गं? हे घाबरणारे होते का?"

ताई त्या स्वेटरची घडी पुन्हा घालत राहिली.

शेठ वाईट माणूस नव्हते, तेच तर जास्त टोचतं. मामाला पोचवून आले तेव्हा ते लहान मुलासारखे रडले होते. पण दुसऱ्या दिवशी खात्याची चौकशी लागली आणि शेठ पुन्हा शेठ झाले. जळकी बस क्रेननं कंपनीच्या आवारात आणून ठेवली होती. ते ताईला म्हणाले, "उद्या सकाळी साहेब आणि वरचे दोघं येणार. त्याआधी सहाही लावून ठेव. काजळी फास, नव्या दिसायला नकोत."

"शेठ, मग सगळे म्हणतील, हातोड्या होत्या तरी मामांनी..."

"म्हणू देत. मामा गेला. आता त्याला कोण शिक्षा करणार? कंपनी बंद पडली तर साठ घरं उपाशी बसतील, त्यात तुझं एक. खुलाशावर सही कोणाची आहे, तेही आठव."

सकाळी ताईनं स्टोव्हची काजळी एका झाकणात काढली आणि आमच्या अंगाला फासली. तिची बोटं काळी झाली, ती तिनं पदराला पुसली. मग आम्हाला घेऊन ती त्या बसमध्ये चढली. आत जळक्या रबराचा वास होता. खिडक्यांशेजारची आमची घरं वितळून खाली ओघळली होती, आम्हाला अडकवायला काही उरलंच नव्हतं. तिनं तारेनं बांधून बघितलं. एकीला बांधलं, दुसरीला बांधलं. माझी पाळी आली तेव्हा तिनं माझ्या मानेभोवती तार दोनदा गुंडाळली आणि दोनदा सोडली.

तेवढ्यात पायरीवर कोणीतरी मोठा श्वास घेतला. साहेब लवकर आले होते, एकटेच.

त्यांनी बांधलेल्या दोघींना बघितलं, तिच्या काळ्या बोटांकडे बघितलं.

"या इथे होत्या का, बाई?" साहेबांनी विचारलं. आवाज कडक नव्हता. उलट 'हो' म्हण, असंच त्यांना वाटत असावं. कारण 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी मोजलेल्या सहाही बरोबर ठरल्या असत्या.

ताईनं मला मुठीत घट्ट धरलं.

"नव्हत्या, साहेब. माझ्या डब्यात होत्या. नऊ गाड्यांना मिळून एवढ्याच आहेत, तुम्ही दर वेळी याच मोजल्यात. मामा रोज मागायचे. रोज. मी कधी दिली नाही." तिनं मला त्यांच्यापुढे धरलं. "माझी मुलगी गेली ना शनिवारी, तेव्हा दिली. माझ्या पोरीपुरती एक दिली आणि परत मागून घेतली. मला कळत होतं, साहेब. कळत नसतं तर तिच्यासाठी कशाला दिली असती?"

साहेब जळक्या सीटच्या लोखंडावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हे सगळं असंच्या असं लिहून द्याल?" त्यांनी विचारलं.

"देते."

"तुमच्यावरही येईल."

"येऊ दे. मामांच्या बायकोला सांगायचंय मला. ते घाबरले नव्हते."

तिनं लिहून दिलं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. साहेबांनी त्याखाली स्वतःचंही लिहिलं, की मला दोन महिन्यांत एकच हातोडी दोनदा दिसली होती, मी एकदा कळवलं आणि गप्प बसलो. त्यांची बदली झाली. ताईची नोकरी गेली आणि तिच्यावर खटलाही चालू आहे. शेठचा परवाना सहा महिने बंद होता. आता बाकीच्या आठ बस हिरवा रंग लावून दुसऱ्या नावानं धावतात, असं कोर्टातल्या पहारेकऱ्यांच्या बोलण्यात आलं. त्यांच्यात हातोड्या आहेत का, ते मात्र ते बोलले नाहीत.

आम्ही सहाजणी आता कोर्टाच्या कोठीत आहोत. प्लॅस्टिकच्या पिशवीत, गळ्यात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नंबर. तारीख असते तेव्हा आम्हाला टेबलावर मांडतात. मागच्या तारखेला ताई कडेवर चिमणीला घेऊन आली होती. मामाची बायको आली आणि तिच्याच बाकावर, पण थोडं अंतर ठेवून बसली. चिमणी खोकली तेव्हा मामाच्या बायकोनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून मधल्या जागेत ठेवली. ताईनं ती घेतली. मामाच्या बायकोनं माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. पाणी दिलं, एवढं मी बघितलं.

आता माझं वय झालं. इथून सुटले तर भंगारातच जाईन. रागावण्याइतकं बळ माझ्यात नाही, म्हणून विनवते.

साहेब मोजतील, कंपनी लावेल, सरकार बघेल, यावर सगळं सोडू नका. उद्या बसमध्ये चढलात की चौकटीकडे एकदा मान वळवा. तिथली जागा रिकामी दिसली तर ड्रायव्हरला विचारा. तो शेठकडे बोट दाखवेल. मग शेठना विचारा. ते हसतील, हसू देत, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पण हसत विचारू नका. मामा हसत विचारायचे.

आणि ज्यांच्या हातात असे डबे आहेत त्या ताई-दादांनो, आपलं लेकरू ज्या खिडकीशी बसवाल तिथे काय लावाल, तेवढं प्रत्येक खिडकीला लावा. त्यापलीकडे कुठला नियम मला ठाऊक नाही.

पहारेकरी कोठी बंद करायला आलाय. येते मी.